लिलावातली घरं

बुलढाणा जिल्ह्यातलं धामणगाव बढे हे माझं गाव. इथं मी लिलावातलं एकही घर घेतलेलं नाही, आणि घेणारही नाही. त्याचं एक कारण कागदाचं आहे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो. तो कर आकारणीचा उतारा, त्यावर बँका सहसा मोठं कर्ज देत नाहीत. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायला लागलेत, त्यामुळे हे चित्र हळूहळू बदलतंय. दुसरं कारण माणसांचं. गावात कुणाच्या दारावर जप्तीची नोटीस लागली, तर बोली लावायला कुणी फिरकत नाही. ज्याचं घर घ्यायचं त्याच्याच लेकीच्या लग्नात उद्या पंगतीला बसायचं असतं. वसुली अधिकारी येतो, चहा पितो, पंचनाम्यावर ‘एकही बोलीदार हजर नाही’ असं लिहितो आणि तालुक्याच्या, मोताळ्याच्या रस्त्याला लागतो.

म्हणून माझा सगळा धंदा बाहेरगावी झाला. मलकापूर, बुलढाणा, खामगाव, घाटाखाली-घाटावर. कधी भुसावळ-जळगाव, क्वचित छत्रपती संभाजीनगर. जिथे मला कुणी ओळखत नाही तिथेच मी लिलावात उभा राहू शकलो. ही गोष्ट सुरुवातीला फक्त सोयीची वाटली होती. तिचा अर्थ पुढे कळत गेला.

सुरुवात दुकानातून झाली. माझं बांधकाम साहित्याचं दुकान होतं: सिमेंट, सळई, पाइप, रंग. मलकापूरच्या एका ठेकेदाराने बांधलेल्या रो-हाउसांना बराचसा माल माझ्याकडून गेला होता. त्यातलं एक घर बँकेने लिलावात काढल्याची जाहिरात पेपरात आली. त्या घराच्या पायात किती सळई आहे आणि स्लॅबला कुठल्या दर्जाचं सिमेंट आहे हे मला ठाऊक होतं. बँकेच्या मूल्यांकनकाराला ते बाहेरून दिसणार नव्हतं. त्या भरवशावर मी बोली लावली आणि घर मिळालं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते; पाया उथळ असेल तर भिंती कोपऱ्यातून तडकतात. लिलावात घर घेताना मी आजही आधी कोपरे बघतो, मग कागद.

कागदांची गोष्ट मात्र कोपऱ्यांसारखी सोपी नाही. या धंद्याचा कणा म्हणजे 2002 चा सरफेसी कायदा. हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक होतं. मग कलम तेरा-दोनची साठ दिवसांची नोटीस. त्यात पैसे आले नाहीत तर बँक ताबा घेते, तोही आधी सांकेतिक; म्हणजे दारावर नोटीस चिकटवायची, दोन पेपरांत छापायची, त्यातला एक स्थानिक भाषेतला. घरातली माणसं घरातच राहतात. मग मूल्यांकन, राखीव किंमत आणि लिलावाची जाहिरात. पहिल्या लिलावाला तीस दिवसांची मुदत, तो फसला तर पुढच्याला पंधरा. राखीव किंमत 20 लाख असेल तर बोलीला बसण्याआधी बहुधा 2 लाख बयाणा भरायचा. तेवढ्यालाच घर सुटलं, तर बयाण्यासकट 5 लाख त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी. उरलेले 15 लाख विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तरच पुढे.

या पंधरा दिवसांनी कितीतरी जणांना पाणी पाजलं. लोकांना वाटतं, घर मिळालं की दुसऱ्या बँकेचं गृहकर्ज काढू. दुसरी बँक कागद तपासणार, वकिलाचा सर्च रिपोर्ट मागणार, ताबा कुणाकडे आहे विचारणार. ताबा जुन्या मालकाकडे आहे म्हटलं की फाइल थांबते. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने कापसाचे पैसे येणार या हिशोबावर बोली लावली. भाव पडले, जिनिंगवाल्याने पैसे लांबवले, आणि त्याचे पंचवीस टक्के बँकेने जप्त केले. दाद मागायला तो वकिलांकडे फिरला. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात अशी पूर्ण रक्कम जप्त करणं कायदेशीरच असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याने नाद सोडला. तेव्हापासून शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिलं हेच विचारतो, की सगळे पैसे आज खात्यात आहेत का. ‘येणार आहेत’ म्हणाला की त्याला चहा पाजून परत पाठवतो.

अमेरिकेत 2008 च्या मंदीनंतर लाखो घरं बँकांच्या हाती आली. तिथे बँक बहुधा आधी घर स्वतःच्या नावावर करते, रिकामं करते, कुलूप बदलते आणि मग दलालामार्फत विकते. आपल्याकडे बँक मालक होत नाही. ती तारण विकते, आणि बहुतेक वेळा आतल्या माणसांसकट विकते. जाहिरातीच्या तळाशी ‘जसे आहे, जिथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री असं छापलेलं असतं. नवखा माणूस ती ओळ वाचतच नाही. माझ्या मते अख्ख्या जाहिरातीत वाचण्यासारखी तीच ओळ असते.

खामगावात मी एक घर घेतलं, खाली दुकान आणि वर राहायची जागा. सील काढून आत गेलो तर मीटर नाही, नळ नाहीत, भिंतीतल्या वायरी ओढून नेलेल्या. नवीन वीजजोडणीला अर्ज केला तेव्हा आधीच्या मालकाची थकबाकी पुढे आली. मी भांडलो नाही, कारण मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान यांच्या प्रकरणात सांगून ठेवलं होतं, की लिलावात जागा घेणाऱ्याकडे वीज कंपनी जुनी थकबाकी मागू शकते. नगरपालिकेची घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीची देणी यांचंही तसंच. व्यापाऱ्याचं घर असेल तर विक्रीकराचा बोजा निघू शकतो. त्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात बँकांच्या बाजूने निकाल दिला: तारणाची नोंद सरसाईकडे, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत झालेली असेल तर बँकेचं येणं सरकारी कराच्या आधी. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली बँक म्हणून तो निकाल मी वकिलाकडे बसून नीट समजून घेतला. तेव्हापासून बोलीआधी सरसाईवर नोंद शोधणं माझ्या यादीत आलं. महावितरण, नगरपालिका आणि दुय्यम निबंधक कार्यालयातल्या चकरा आधीपासून होत्याच.

पण कागदाची देणी पैशाने फिटतात. घर रिकामं करणं हे खरं काम.

बँकेला प्रत्यक्ष ताबा हवा असेल तर कलम चौदाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. कायद्यात त्याला तीस दिवस, कारण नोंदवून साठ. आदेश निघाला तरी तहसीलची माणसं, पोलीस बंदोबस्त आणि बँकेचा अधिकारी एका दिवशी एका दारात उभे राहणं हा योग जुळावा लागतो. निवडणूक आली की बंदोबस्त नाही. सण आला की बंदोबस्त नाही. तेवढ्यात कर्जदार नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जातो. पंचेचाळीस दिवसांत अर्ज करायचा हक्क त्याला आहे. आणि कधी कधी घरात अचानक एक भाडेकरू उगवतो. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार, तारीख गहाणाच्या आधीची, आणि भाडेकरू निघतो मालकाचा साडू.

ताब्याच्या दिवशी मी सहसा समोरच्या पानटपरीपाशी थांबायचो, घराशी जायचो नाही. आत पंचनामा चालायचा: लोखंडी कपाट एक, गॅस शेगडी एक, पाण्याचे ड्रम दोन. बायका आधी रडत, मग अचानक शांत होऊन भांडी भरायला लागत. भुसावळच्या एका घरातून म्हाताऱ्या मालकाने मला हाक मारली. मला वाटलं, आता शिव्या येणार. ते म्हणाले, “काका-बिका म्हणू नका, आधी इकडे या.” आणि त्यांनी मला घर दाखवलं. कोपऱ्यातली सांडपाण्याची लाइन सारखी तुंबते, तिचा चेंबर फरशीखाली कुठे आहे ते. गच्चीवर पाणी कुठे साचतं ते. मोटारीचं बिल त्यांनी खिशातून काढून दिलं, वॉरंटी बाकी होती. “घर मी बांधलंय, ते तुम्ही खराब करू नका,” एवढं बोलून ते रिक्षात बसले. पोराने व्यवसायासाठी कर्ज काढलं होतं आणि यांनी घर तारण ठेवून जामीनदार म्हणून सही केली होती. नंतर मी पाहिलेल्या बऱ्याच घरांमागे हीच सही निघाली: स्वतःच्या उधळपट्टीची नाही, भावाच्या, जावयाच्या, मित्राच्या कर्जाची.

त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. बोली लावण्याआधी मी घरी जायला लागलो. बँकेने परवानगी दिलेल्या पाहणीच्या दिवशी नाही, एरवी. दार वाजवायचं आणि सांगायचं, “भाऊ, मी लिलावात बसणार आहे. बसू नका म्हणाल तर ऐकणार नाही, पण तुमचं काय चाललंय ते ऐकायला आलोय.” काही जणांनी तोंडावर दार लावलं. एकाने कुत्रं सोडलं. पण बरेच जण बोलायचे. कारण त्या घरात महिनोन्महिने कुणी आलेलं नसतं. नातेवाईक उसने मागतील म्हणून टाळतात, बँकेचा माणूस फक्त दटावतो.

त्या बोलण्यातून एक हिशोब उलगडला, जो मला कागदांतून दिसला नव्हता. बुलढाण्याच्या एका घराचं उदाहरण सांगतो. बाजारात त्या घराला 24 लाख आले असते. बँकेची राखीव किंमत होती 18. लिलावात ते साधारण तेवढ्यालाच जाणार, कारण आत माणसं आहेत, दुरुस्ती आहे, कोर्टाची शक्यता आहे, पैसे पंधरा दिवसांत हवेत. एवढं सगळं पत्करणारे बोलीदार दोन-तीनच. बँकेचं येणं व्याज आणि खर्चासकट 18 च्या आसपास पोचलेलं. म्हणजे मालकाच्या हाती शून्य. मला घर 18 ला. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, जुनी देणी, दुरुस्ती आणि वर्ष-दीड वर्ष अडकलेल्या पैशाचं व्याज. सहा लाखांच्या फरकातले माझ्या हातात दोन राहिले असते. उरलेले चार कुणालाच मिळाले नसते, ते उशिरात आणि भांडणात विरले असते.

मालकाला म्हटलं, लिलावाच्या आधी तुम्हीच मला विका. तो चकित झाला. त्याला वाटत होतं, नोटीस आली म्हणजे घर गेलंच. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, हे खरं. कलम तेरा-तेरात तसं आहे. पण संमती मागायला बंदी नाही. आम्ही दोघं शाखेत गेलो. बँकेने एकरकमी परतफेडीत 16 लाखांवर खातं बंद करायचं मान्य केलं. मी घर 21 ला घेतलं, 16 थेट बँकेला आणि 5 त्याला. त्याने स्वतः घर झाडून किल्ली दिली. त्या पैशातून त्याने गावाकडे एक प्लॉट घेतला. माझे पैसे अडकले नाहीत, वकील लागला नाही. नफा लिलावापेक्षा फार कमी झाला नाही, आणि तो वर्ष-दीड वर्षाऐवजी काही महिन्यांत आला.

या धंद्याने मला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही: लिलाव हा घर विकायचा सगळ्यात वाईट मार्ग आहे, आणि लिलावात घेणाऱ्याचा नफा त्या वाईटपणातूनच येतो. स्वस्त घर ही बँकेची मेहरबानी नसते. कुणीतरी आधी बोलायला हवं होतं, ते बोललं नाही, म्हणून पडलेली ती घट असते. हे कळल्यावर मी लिलाव सोडले असं नाही. मालक परागंदा झालेला असतो, भावाभावांचं जमत नसतं, बँकेचा अधिकारी वरून हुकूम नाही म्हणून हात वर करतो. तिथे लिलावाशिवाय वाट नसते. पण आता मी तिथे शेवटी जातो.

पूर्वी कर्जदाराला अगदी शेवटपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं. एका व्यवहारात माझी बोली मान्य झाली होती, पंचवीस टक्के भरले होते, आणि कर्जदाराच्या बहिणीने दागिने मोडून सगळं येणं भरलं. बँकेने माझे पैसे परत केले, व्याज काही नाही. मी त्या वेळी खूप चिडलो होतो. 2016 मध्ये सरफेसीतलं हे कलम बदललं, आणि सप्टेंबर 2023 मध्ये बाफना मोटर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की सोडवण्याचा हक्क संपला. खरेदीदार म्हणून माझ्यासाठी हे चांगलंच झालं. पण कर्जदारांपैकी फार थोड्यांना हे माहीत आहे. ते अजूनही ‘लिलावाच्या दिवशी बघू’ म्हणत बसतात, आणि त्या दिवसापर्यंत दार बंद झालेलं असतं.

पतसंस्थांचं गणित वेगळं. तिथे सहकार कायद्याच्या कलम एकशे-एकखाली वसुलीचा दाखला निघतो आणि नियम एकशे-सातप्रमाणे लिलाव होतो. बोली सुटताच पंधरा टक्के, बाकी पंधरा दिवसांत. आणि विक्रीनंतर तीस दिवसांत थकबाकीदाराने येणं भरून वर खरेदीदाराला खरेदी रकमेच्या पाच टक्के दिले, तर विक्री रद्द करून घेता येते. हा नियम मला जास्त माणुसकीचा वाटतो. खरेदीदाराची झीजही भरून निघते आणि घरवाल्याला एक महिना मिळतो. शेताबद्दलही लोक गल्लत करतात. शेतजमीन सरफेसीखाली विकता येत नाही, कलम एकतीसमध्ये तिला सूट आहे. पतसंस्थेच्या दाखल्यावर मात्र शेतावर जप्ती येऊ शकते. शेताच्या लिलावात मी कधीच बसलो नाही. घर गेलेला माणूस भाड्याने राहतो. शेत गेलेल्याला दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जावं लागतं, आणि तो बांध बहुधा त्याच गावातला असतो.

आता जाहिरातींसाठी पेपर चाळावे लागत नाहीत. सरकारी बँकांच्या मालमत्ता 2025 च्या जानेवारीपासून बँकनेट नावाच्या संकेतस्थळावर एकत्र दिसतात, बोलीही घरबसल्या लागते. पुण्या-मुंबईचे लोक मलकापूरचं घर न बघता बोली लावतात. मग ताबा मिळेना म्हणून माझा नंबर शोधत येतात. त्यांना मी सांगतो, पडद्यावर फोटो दिसतो, साडू दिसत नाही.

गंमत म्हणजे हल्ली माझ्याकडे घर घेणाऱ्यांपेक्षा नोटीस आलेली माणसं जास्त येतात. मोताळा तालुक्यातली, आसपासची. “भाऊ, हे काय लिवलं हाय ते जरा वाचून सांगा नं,” म्हणत पिशवीतून कागद काढतात. मी तारीख बघतो. साठ दिवस शिल्लक असतील तर सांगतो, आधी लेखी हरकत द्या. बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मग एकरकमीचं बोला. जमत नसेल तर घराला गिऱ्हाईक तुम्ही शोधा, बँक शोधेपर्यंत थांबू नका. आणि लिलाव झालाच, तर किती रकमेला झाला ते विचारा. येणं आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराची असते. खामगावच्या एका कुटुंबाला हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या घराला मी नाही, दुसऱ्याने चढी बोली लावली होती. अर्ज केल्यावर उरलेले पैसे त्यांच्या खात्यात आले. ते घर मला हवं होतं, मी बोलीत मागे राहिलो होतो. तरी तो अर्ज लिहून मीच दिला.

घरचे म्हणतात, तुम्ही स्वतःचाच धंदा बुडवताय. थोडं खरं आहे. वेळेत नोटीस वाचणारा प्रत्येक माणूस लिलावातलं एक घर कमी करतो. पण जी घरं मालकाच्या संमतीने माझ्याकडे आली, ती मी लवकर विकू शकलो आणि भावही चांगला मिळाला. घेणारा शेजाऱ्यांना विचारतोच, आधीचे लोक कसे गेले. ‘स्वतःहून विकून गेले’ हे उत्तर मिळालं की तो कमी घासाघीस करतो. म्हणून आज कुणी विचारलं, या धंद्यात यायचं का, तर मी नाही म्हणत नाही. एवढंच सांगतो: सगळे पैसे हातात ठेवा, दोन वर्षं थांबायची तयारी ठेवा, आणि बोलीचं बटण दाबण्याआधी त्या घराचं दार एकदा वाजवा. दार उघडलं, तर बहुधा लिलावाची गरजच पडणार नाही.